तहानलेले मेंढरू, तोट्याचा सौदा

उन्हाळ्यात मेंढरांची खरेदी करणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंना हा अनुभव नवा नाही. बाजारात नजरेने तोललेले मेंढरू तीस किलोचे वाटते. सौदा ठरतो, रक्कम मोजली जाते, माल गाडीत चढतो. मुक्कामावर उतरवून काट्यावर घातले की दोन-अडीच किलो कमी भरते, आणि कापल्यावर मटणही हिशेबापेक्षा थोडेच निघते. मग दलालाला बोल लावला जातो, धनगराला लावला जातो, कधी काट्यालाही लावला जातो. पाण्याचा विचार मात्र फार थोडे लोक करतात. आमच्या मते उन्हाळ्यातील या तुटीचे एक मोठे कारण पाणी हेच आहे. धनगरापासून खाटकापर्यंत आणि पुढे कातड्याच्या व्यापाऱ्यापर्यंत सर्वांच्या खिशाशी ते बांधलेले आहे.

हा विषय काढण्याचे आणखी एक कारण आहे. बकरीद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. २०२३ साली ती जूनच्या अखेरीस होती, २०२५ साली ७ जूनला आली. २०२६ पासून पुढे काही वर्षे ती मे महिन्यात आणि त्यानंतर एप्रिलमध्ये येणार आहे. म्हणजे कुर्बानीच्या मालाची मोठी खरेदी, पोसणी आणि वाहतूक नेमकी पाणीटंचाईच्या दिवसांत करावी लागेल. पावसाळ्याच्या तोंडावर चालून गेलेली हयगय भर उन्हाळ्यात चालणार नाही.

दुष्काळी पट्ट्यातील मेंढी

सह्याद्रीच्या पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, सांगोला हा पर्जन्यछायेचा पट्टा आहे. येथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही भरवशाचा नाही. या माळरानावरची काळी दख्खनी मेंढी काटक म्हणून प्रसिद्ध आहे. जत तालुक्यातील माडग्याळ मेंढी उंच, भारी अंगाची आणि पोपटाच्या चोचीसारख्या बाकदार नाकाची असते. तिला भावही चढा मिळतो. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या.

दसरा-दिवाळी झाली की अनेक धनगर आपला वाडा घेऊन पाण्याच्या आणि चाऱ्याच्या मुलखाकडे, काही थेट कोकणात उतरतात आणि पावसाच्या सुरुवातीला परततात. या भटकंतीमागे चाऱ्याइतकेच पाणी आहे. ज्यांना जाता येत नाही त्यांची मेंढरे मार्च ते जून आटत चाललेल्या पाझर तलावावर, टँकरवर किंवा एखाद्या बागायतदाराच्या मेहेरबानीवर जगतात. दुष्काळात चारा छावण्या उघडतात, पण त्या प्रामुख्याने गाई-बैलांसाठी असतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. माणसांची ही अवस्था, तेथे मेंढरांचा नंबर शेवटचा लागतो.

मेंढी तहान कशी सोसते

मेंढी एक किलो सुका चारा खाते तेव्हा साधारण हवेत तिला दोन ते तीन लिटर पाणी लागते. कडक उन्हात ही गरज दुपटीवर जाऊ शकते. हिरव्या चाऱ्यात सत्तर-ऐंशी टक्के पाणी असते, म्हणून पावसाळ्यात मेंढी हौदाकडे फारशी फिरकत नाही. उन्हाळ्यातील कडबा, भुसकट आणि वाळलेले गवत यांत पाणी दहा टक्क्यांच्या आसपास असते. अशा वेळी मोठ्या मेंढरामागे रोज चार ते सहा लिटर पाणी धरावे. शंभर मेंढ्यांच्या कळपाला रोज पाचशे लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर वीस दिवसांत संपतो.

पाणी मिळाले नाही तर मेंढी लगेच कोलमडत नाही. तिच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा पाण्याच्या कोठीसारखा असतो. प्रथम ती त्यातले पाणी वापरते. मग लघवी थोडी आणि घट्ट होते, लेंड्या कोरड्या पडतात. अंग थंड ठेवण्यासाठी मेंढीला घामाचा उपयोग कमी. ती मुख्यतः धापा टाकून उष्णता बाहेर टाकते, आणि या धापांतूनही पाणीच जाते. वाळवंटी जातीच्या मेंढ्या वजनाचा पाचवा हिस्सा गमावूनही तगतात आणि पाणी मिळताच काही मिनिटांत बरीचशी भर करून घेतात. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने मारवाडी मेंढ्यांवर, आणि राजस्थानातच अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने मालपुरा मेंढ्यांवर कमी पाण्याचे प्रयोग केले आहेत. मेंढी जगते, हे खरे. परंतु जगणे वेगळे आणि वाढणे वेगळे.

दोन प्रकारची घट

व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्याची मुख्य गोष्ट येथे आहे. पाणी कमी झाले की मेंढी खाणे कमी करते. कोरडा चारा पचवायला पाणी लागते, आणि पचनाने अंगात उष्णता वाढते. म्हणून ती आपोआप तोंड आवरते. समोर कडब्याची रास असली तरी तहानलेली मेंढी पोटभर खात नाही. काही दिवस असे गेले की ती अंगातली चरबी आणि पुढे मांस जाळू लागते.

म्हणजे घट दोन प्रकारची आहे. पाण्याने गेलेले वजन पाण्याने परत येते, तेही बहुतेक त्याच दिवशी. न खाल्ल्याने गेलेले वजन मात्र पाण्याने परत येत नाही; त्याला चांगला चारा आणि कित्येक आठवडे लागतात. बाजारात दोन मेंढरे सारखीच मरगळलेली दिसतात. एक कालपासून तहानलेले असते, दुसरे महिनाभर अर्ध्या पाण्यावर राहिलेले असते. पहिले घेणारा फायद्यात राहतो, दुसरे घेणारा नुकसानीत. फरक पाहण्यासाठी हात पाठीवर ठेवावा. कमरेच्या हाडांवर मांस भरलेले असेल तर तहान ताजी आहे. हाडाची टोके बोटाला टोचत असतील तर ते मेंढरू पाण्याने भरून येणारे नाही. सोबत डोळे खोल गेले आहेत का, हिरड्या कोरड्या आहेत का आणि लेंडी खडीसारखी कडक आहे का, हेही पाहावे. “मामा, मेंढरांना पाणी कधी दाखवले होते?” हा प्रश्न भाव विचारण्याआधी विचारावा.

ओली मेंढी आणि पोसलेला मेंढा

सर्वात जास्त फटका गाभण आणि दूध देणाऱ्या मेंढीला बसतो. मेंढीच्या दुधात सुमारे ऐंशी टक्के पाणी असते. आईला पाणी नाही तर कोकराला दूध नाही, आणि पहिल्या दोन महिन्यांत मागे पडलेले कोकरू पुढेही मागेच राहते. मेंढी सुमारे पाच महिने गाभण असते. शेवटच्या महिना-दीड महिन्यात तिचे खाणे घटले, विशेषतः पोटात जुळे असेल, तर ती आजारी पडून दगावू शकते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने जुळी देणारी ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली आहे. जुळ्याचा फायदा घ्यायचा तर पाण्याची तजवीजही त्या मानाने ठेवली पाहिजे. भारी अंगाच्या माडग्याळ मेंढीचीही तीच गोष्ट आहे. मोठ्या अंगाला पाणी जास्त लागते.

कुर्बानीसाठी मेंढे पोसणाऱ्यांनी एक धोका जाणून घ्यावा. मका, गहू, भुसा असा भारी खुराक आणि त्यावर अपुरे पाणी मिळाले की नराला मुतखडा होण्याची भीती असते. मेंढा वारंवार ताण देतो, लघवी थेंब थेंब येते किंवा बंद होते, आणि दोन-तीन दिवसांत हजारो रुपयांचा माल हातचा जातो. खुराक वाढवाल तेव्हा पाणीही वाढवा, आणि लघवी अडलेली दिसताच घरगुती उपायांत वेळ न घालवता जनावरांच्या डॉक्टरला बोलवा.

आटलेल्या तळ्याचे पाणी

कमी पाण्याबरोबर खराब पाण्याचाही प्रश्न येतो. तळे आटते तसे उरलेल्या डबक्यावर सर्व कळप जमतात. काठच्या चिखलात गोगलगायी असतात, आणि त्यांच्यामार्फत यकृतात राहणारे चपटे कृमी मेंढीच्या पोटात जातात. मेंढी खंगते, आणि कत्तलखान्यात तपासणीत कलेजी बाद ठरते. काही भागांत उन्हाळ्यात बोअरचे पाणी खारट होते. असे पाणी मेंढी सोसते, पण त्यावर वरून मिठाचा खुराक देऊ नये. युरिया किंवा इतर खताचे पाणी ज्या पिंपात कालवले त्यातून जनावरांना पाणी पाजणे तर सरळ विषप्रयोग ठरू शकतो.

गाडीतला एक दिवस

प्राणी वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांनुसार साडेचार-पाच टनी गाडीत चाळीसपेक्षा जास्त शेळ्या-मेंढ्या भरता येत नाहीत, आणि प्रवासाला पुरेल इतका चारा-पाण्याचा बंदोबस्त असावा लागतो. जनावरांच्या डॉक्टरचा दाखलाही लागतो. या नियमांकडे आपल्यातले काही जण कटकट म्हणून पाहतात. आम्ही ते नफ्याचे नियम मानतो.

समजा, तीस किलोची चाळीस मेंढरे मे महिन्यात दिवसा गाडीत घातली आणि वाटेत पाणी दाखवले नाही. प्रत्येकी दोन किलो घट धरली तरी एका खेपेला ऐंशी किलो कमी भरतात. यातला काही भाग पोट रिकामे झाल्याचा असतो, तो पाणी-चाऱ्याने भरून निघतो. पण प्रवास लांबला आणि धाप वाढली की अंगातले मांसही घटू लागते. दाटीत एखादे मेंढरू गुदमरून मेले तर खेपेचा नफाच संपतो. रात्री किंवा पहाटे गाडी काढणे, दाटी न करणे आणि वाटेत एकदा सावलीत थांबून पाणी दाखवणे, याला डिझेलपेक्षा कमी खर्च येतो.

मटण आणि कातडे

आपल्याकडे जबह करण्यापूर्वी जनावराला पाणी दाखवण्याचा रिवाज आहे. तहानलेल्या जीवावर सुरी चालवू नये, ही त्यामागची रहमत आहे. धंद्याच्या दृष्टीनेही तो शहाणपणाचा आहे. पाणी प्यालेल्या आणि विसावा घेतलेल्या जनावराचे कातडे सहज सुटते. तहानलेल्या मेंढराचे कातडे मांसाला चिकटून राहते, सोलताना जोर लावावा लागतो आणि सुरीचे काप पडतात. असा माल वानियमबाडी, आंबूरच्या चामड्याच्या बाजारात गेला की खालच्या प्रतीत मोजला जातो. थकलेल्या, उपाशी-तापाशी जनावराचे मटण गडद आणि चिकट दिसते, लवकर खराब होते, आणि गिऱ्हाईक ते बाजूला सारते. मुंबईच्या देवनारपासून तालुक्याच्या बाजारापर्यंत हा अनुभव सारखाच आहे.

मिठाचा धंदा करू नये

एक कटू गोष्टही लिहिणे भाग आहे. काही विक्रेते मेंढरांना आदल्या रात्री मीठ चारतात, पाणी तोडतात आणि काट्यावर चढवण्यापूर्वी पोटभर पाजतात. तहानलेले मेंढरू एका बैठकीत चार लिटर प्याले की चार किलो वजन वाढते. गिऱ्हाईक पाण्याला मटणाचा भाव देतो. ही मापातली चोरी आहे, आणि तिच्यात मुक्या जनावराचे हालही आहेत. मीठ जास्त आणि पाणी कमी पडल्याने मेंढरू झटके येऊन मरूही शकते. घेणाऱ्याने पोट ढोलासारखे ताणलेले आणि मेंढरू वारंवार मुतत असलेले दिसले तर काटा दोन-तीन तासांनी करण्याचा आग्रह धरावा. हलाल कमाईची बरकत अशा चार किलोंत येत नाही.

हिशेबात पाणी धरा

उपाय महागडे नाहीत. पाणी सावलीत ठेवावे. तापलेल्या हौदातले पाणी जनावर कमी पिते. दिवसातून एकदाच पाजण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ पाजावे. पाणी मोजके असेल तर दूध देणारी, गाभण आणि खुराकावरची जनावरे आधी, बाकीची नंतर, असा क्रम ठेवावा. फार तहानलेल्या मेंढरांना, विशेषतः कोकरांना, थोड्या थोड्या वेळाने पाजावे. दुपारी चारायला नेऊ नये. आणि पाणी खात्रीने पुरणार नसेल तर भर उन्हाळ्यापर्यंत वाट न पाहता, मेंढरू अंगावर असतानाच विकावे. मे महिन्यात वाळलेले जनावर विकणाऱ्या धनगराचे आणि ते घेणाऱ्या व्यापाऱ्याचे, दोघांचेही नुकसान होते.

आमची एक सूचना आहे. ज्या बाजारात आपण दर आठवड्याला माल घेतो, तेथे पाण्याचा एक हौद आणि वर चार पत्रे टाकण्याचा खर्च व्यापाऱ्यांनी मिळून करावा. बाजार समितीची वाट पाहत किती उन्हाळे गेले, हे आपण जाणतोच. हौदावर पाणी प्यालेले मेंढरू उद्या आपल्याच काट्यावर चढणार आहे. मुक्या जीवाच्या घशात पाणी घालण्याचे सवाब तर आहेच. त्याच पाण्यात आपला नफाही आहे.