रोशा: सातपुड्याच्या उतारावरचा गुलाब

बहादरपूरच्या शिवारातून उत्तरेकडे पाहिलं की केळीच्या बागांपलीकडे सातपुड्याची रांग दिसते. असीरगड त्याच बाजूला. साग, सालई, अंजनाचं हे रान. ‘रानाच्या वासाचं’ अत्तर म्हटलं की बाजार चंदन आणि देवदार पुढे करतो. सालईचा डिंक धुपात जळतो, त्याचाही मान मोठा. पण या डोंगराचा खरा सुगंध झाडांत नाही, झाडांखालच्या गवतात आहे, असं मला ठामपणे वाटतं. ते गवत म्हणजे रोशा. मराठीत त्याला तिखाडीही म्हणतात.

पान चुरगळून हुंगावं. आधी गुलाब येतो. लगेच त्यामागून आल्या-लिंबाची धार येते आणि बोटांवर शेवटी उरते ती वाळल्या गवताची ऊब. हा गुलाब बागेतला नाही. त्याला मुरमाची, उन्हाची सवय आहे. बाईचा की पुरुषाचा, हा प्रश्न त्याच्याबाबतीत पडतच नाही. आपल्या जुन्या अत्तरांनाही तो कुठे पडत होता? खस, केवडा, हिना सगळेच लावत. हा वास मला तरी कमी बोलणाऱ्या, उन्हातून चालत आलेल्या आणि शेजारी बसल्यावर हळूहळू उलगडणाऱ्या माणसासारखा वाटतो.

रोशाच्या दोन जाती आहेत, मोतिया आणि सोफिया. मोतिया उघड्या, कोरड्या उतारावर विरळ ठोंबांनी वाढतो. सोफियाला ओल आणि सावली चालते, तो दाट माजतो. दिसायला दोघे इतके सारखे की नवखा फसतो. नाक मात्र फसत नाही. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल भरपूर, बहुधा तीन-चतुर्थांशाहून जास्त. गुलाबाच्या तेलातही हेच द्रव्य असतं. सोफियाचं तेल उग्र आणि स्वस्त.

पावसाळा सरला की गवत फुलावर येतं, तेव्हाच कापणी करायची. तेल मुख्यतः तुऱ्यांत असतं. पेंढ्या सावलीत सुकवायच्या. जुन्या काळी खानदेशात, विशेषतः नंदुरबार-शहाद्याकडे, भट्टी ओढ्याकाठीच लागे, कारण गार पाणी हवंच. लोखंडी किंवा तांब्याच्या मोठ्या भांड्यात गवत आणि पाणी, झाकणाच्या फटी लिंपलेल्या, वाफ न्यायला बांबूची नळी आणि दुसरं टोक ओढ्यात बुडवलेल्या भांड्यात. वाफेचं पाणी होतं, पाण्यावर तेल तरंगतं. ते निथळून घ्यायचं. सगळी मेख जाळात होती. गवत तळाला लागलं की तेलाला करपट वास येई आणि तो काही केल्या जात नसे. गवत पाण्यावेगळं ठेवून वाफेनं तेल काढण्याची पद्धत आली तेव्हा ही धास्ती गेली.

या गवताला शास्त्रीय नाव मिळालं ते एका फ्रेंच सेनानीमुळे. लखनौचा क्लॉड मार्टिन टिपूविरुद्धच्या युद्धात बालाघाटात होता. तिथे गुरं हे गवत अधाशासारखी खातात आणि त्यांच्या दुधा-लोण्यालाही त्याचा वास येतो, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने बी जमवलं. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्गने त्या गवताला मार्टिनचंच नाव दिलं. आज ते सिंबोपोगॉन मार्टिनाय आहे.

पुढची गोष्ट मला अजूनही बोचते. मुंबईहून हे तेल तांबड्या समुद्रातल्या बंदरांमार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई. तिथे ते लिंबाचा रस घातलेल्या पाण्यासोबत हलवून उन्हात ठेवत, म्हणजे वास गुलाबाच्या आणखी जवळ जाई. मग बल्गेरियाच्या गुलाबतेलात त्याची भेसळ होई. एक किलो गुलाबतेलाला तीन-चार टन पाकळ्या लागतात, तेव्हा हा मोह कुणाला आवरणार! युरोपात याच तेलाला ‘तुर्की जिरेनियम’ म्हणत. तुर्कस्तानात ते पिकत नव्हतं आणि जिरेनियमशी त्याचं नातंही नव्हतं. ‘निमाडचं गवती तेल’ हे नाव जुन्या औषधी ग्रंथांत आहे, पण अत्तराच्या बाटलीपर्यंत ते पोचलं नाही. आता व्यापारात नाव आहे पामारोझा. साबणात, अत्तरात, डासांच्या मलमात ते सापडतं.

दिवाळीच्या सुमारास सातपुड्यात जाणं झालं, तर वाटेकडेच्या कोरड्या उतारावर तांबूस तुऱ्यांचे ठोंब शोधा. एक तुरा तळहातावर चोळा आणि लगेच हुंगू नका. पाचेक मिनिटं चालत राहा, मग हात नाकाशी न्या.