बाळाचा मोतीबिंदू : ऑपरेशनआधी डोळ्याचं माप का घेतात?

मोतीबिंदू म्हणजे म्हातारपणाचा आजार, असं आपण धरून चालतो. दादीला होतो, नानाला होतो. पण काही बाळं जन्मतःच मोतीबिंदू घेऊन येतात, तर काहींना तो पहिल्या काही वर्षांत होतो. अशा मुलाचं ऑपरेशन ठरलं की घरात तीन प्रश्न हमखास निघतात. "नुसतं माप घ्यायला बाळाला बेशुद्ध कशाला करायचं?" "भिंग बसवलंच नाही, म्हणजे ऑपरेशन अर्धवट राहिलं का?" आणि "भिंग बसवलं, तरी जाड चष्मा का दिला?"

या प्रश्नांची नीट उत्तरं मिळाली नाहीत की घरचे थांबतात. कुणी म्हणतं, थोडं मोठं होऊ द्या. आणि नेमकं हे थांबणंच मुलाला महागात पडतं. म्हणून हा विषय आम्ही सोप्या शब्दांत मांडत आहोत.

वेळ का महत्त्वाची?

मोठ्या माणसाचा मोतीबिंदू सहा महिने उशिरा काढला तरी बहुतेक वेळा दृष्टी परत येते. बाळाचं तसं नसतं. बाळाचा मेंदू पहिल्या काही महिन्यांत बघायला शिकत असतो. डोळ्यावर पडदा असेल तर मेंदूपर्यंत चित्र पोहोचतच नाही आणि मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. मग पुढे मोतीबिंदू काढला तरी नजर पूर्ण येत नाही. म्हणून जन्मतः दाट मोतीबिंदू असेल तर एका डोळ्याचं ऑपरेशन साधारण सहा आठवड्यांच्या आत आणि दोन्ही डोळ्यांचं आठ आठवड्यांच्या आत व्हावं, असं तज्ज्ञ मानतात.

बुबुळाच्या मधोमध पांढरं दिसणं, मोबाइलच्या फ्लॅशमध्ये एक डोळा लालसर आणि दुसरा पांढरा येणं, डोळा तिरळा होणं, डोळे सतत हलत राहणं, दोन-तीन महिन्यांचं होऊनही बाळाने आईच्या नजरेला नजर न देणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. पांढरी बाहुली ही कधी कधी डोळ्याच्या कॅन्सरचीही खूण असते, म्हणून घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नका. सुरमा, गुलाबजल किंवा मध यांनी मोतीबिंदू जात नाही. बाजारातल्या काही सुरम्यांत तर शिसं असतं, ते बाळासाठी घातकच आहे.

मापं कोणती घेतात?

मोतीबिंदू काढला म्हणजे डोळ्याचं गढूळ झालेलं नैसर्गिक भिंग काढलं. त्याजागी कृत्रिम भिंग बसवायचं तर त्याचा नंबर आधी ठरवावा लागतो. त्यासाठी मुख्य दोन मापं लागतात. पहिलं, डोळ्याची समोरून मागच्या पडद्यापर्यंतची लांबी. दुसरं, बुबुळावरच्या पारदर्शक काचेसारख्या भागाची गोलाई. ही दोन्ही मापं सूत्रात घातली की भिंगाचा नंबर निघतो.

लांबी मोजायला 'ए-स्कॅन' नावाची सोनोग्राफी वापरतात. आवाजाच्या लहरी आत जाऊन परत येतात आणि त्याला लागलेल्या वेळावरून लांबी कळते. यात एक धोका असतो. मशीनचं टोक डोळ्यावर थोडं जरी दाबलं गेलं तरी डोळा चेपतो आणि लांबी कमी येते. मग गरजेपेक्षा जास्त नंबरचं भिंग निवडलं जातं. लांबीत एक मिलिमीटरची चूक झाली तर मोठ्या माणसाच्या चष्म्याच्या नंबरात अडीच-तीनचा फरक पडतो. बाळाच्या छोट्या डोळ्यात तो याहूनही जास्त पडतो. म्हणून शक्य तिथे टोक डोळ्याला न टेकवता, मध्ये द्रव ठेवून मोजतात, आणि एकापेक्षा जास्त वेळा मोजतात. मोतीबिंदू एकाच डोळ्यात असला तरी तुलनेसाठी दोन्ही डोळे मोजणं चांगलं.

मग बेशुद्ध का करतात?

मोठी माणसं मशीनवर हनुवटी टेकवून प्रकाशाच्या ठिपक्याकडे बघत बसतात. दोन वर्षांचं पोर तसं बसेल का? ते रडतं, डोळे मिटतं, मान फिरवतं. अशा वेळी घेतलेलं माप भरवशाचं नसतं. शिवाय दाट मोतीबिंदूतून प्रकाशावर चालणारं मशीन माप घेऊ शकत नाही. म्हणून लहान मुलांचं माप भूल देऊन, हातात धरायच्या यंत्रांनी घेतात. बहुतेक वेळा माप आणि ऑपरेशन एकाच भुलीत होतं. वेगळी भूल देणार का, हे डॉक्टरांना आधीच विचारा.

भुलीआधी पोट रिकामं लागतं. साधारणपणे जेवण किंवा वरचं दूध सहा तास आधी, आईचं दूध चार तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधी बंद करतात. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळ मात्र काटेकोर पाळा. "भुकेनं रडतंय" म्हणून कुणी गुपचूप बिस्कीट दिलं तर भुलीत ते श्वासनळीत जाऊ शकतं. घरातल्या सगळ्यांना हे आधीच समजावून सांगा.

वाढत्या डोळ्याचा हिशेब

नवजात बाळाचा डोळा साधारण १७ मिलिमीटर लांब असतो, मोठ्या माणसाचा २३ ते २४. यातली बरीचशी वाढ पहिल्या दोन वर्षांतच होते. डोळा वाढतो, पण आत बसवलेलं भिंग वाढत नाही. आज अगदी बरोबर नंबर दिला तर काही वर्षांनी मुलाला मोठा मायनस नंबर लागेल.

ईदचे कपडे शिवताना आपण पोराच्या पायजम्याला दोन इंच कापड दुमडून ठेवतो, तसंच हे आहे. सर्जन मुद्दाम थोडं कमी नंबरचं भिंग बसवतात आणि उरलेला प्लस नंबर चष्म्यात देतात. एक ढोबळ नियम असा : मुलाचं वय आणि ठेवायचा प्लस नंबर यांची बेरीज सात. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला प्लस पाच, चार वर्षांच्या मुलाला प्लस तीन. प्रत्येक डॉक्टर हाच नियम वापरतात असं नाही, पण विचार हाच असतो. म्हणून ऑपरेशननंतरचा जाड चष्मा हे चुकीचं लक्षण नाही, तो ठरवून दिलेला असतो.

अगदी लहान बाळांत अनेकदा भिंग बसवतच नाहीत. अमेरिकेत सात महिन्यांखालच्या, एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या ११४ बाळांवर अभ्यास झाला. २०१४ मध्ये त्याचे पाच वर्षांचे निकाल आले. भिंग बसवलेल्या आणि न बसवलेल्या मुलांच्या नजरेत खास फरक नव्हता, पण भिंग बसवलेल्यांना पुन्हा ऑपरेशन जास्त वेळा करावं लागलं. म्हणून अशा बाळांना आधी कॉन्टॅक्ट लेन्स किंवा चष्मा देतात आणि भिंग पुढे बसवतात. ऑपरेशन अर्धवट राहिलेलं नसतं.

आपल्या शहरात काय करावं?

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरात आणि सिल्लोड, कन्नड, खुलताबाद, पैठणकडच्या कुटुंबांसाठी घाटी म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय हे मोठं सरकारी ठिकाण आहे. केंद्र सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. जन्मजात मोतीबिंदू त्याच्या यादीत आहे आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याचा मोफत लाभ मिळतो. त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी-अनुदानित शाळांत तपासणी करतात. मूल मदरशात किंवा खासगी शाळेत असेल तर आपणच त्याला तपासायला न्यावं. आशाताईंना विचारलं तर त्या वाट दाखवतील.

डॉक्टरांना चार प्रश्न विचारा : माप भुलीत घेणार का? भिंग आत्ता बसवणार की नंतर? चष्म्याचा नंबर किती ठेवणार? पट्टी रोज किती तास लावायची? मापाचा कागद जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक तपासणीला तो लागतो.

आणखी दोन गोष्टी. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर बाळाला मोतीबिंदू होऊ शकतो. राज्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीची मोहीम सुरू झाली, तेव्हा व्हॉट्सअॅपवर अफवा फिरल्या होत्या. ही लस मुलींना आणि त्यांच्या होणाऱ्या बाळांना वाचवते, ती चुकवू नका. दुसरं, काही मोतीबिंदू आनुवंशिक असतात आणि जवळच्या नात्यातल्या लग्नांत काही प्रकारांची शक्यता वाढते. यात कुणाला दोष द्यायचा नाही. पण घरात एका मुलाला मोतीबिंदू असेल तर पुढच्या बाळाचे डोळे जन्मानंतर लगेच तपासून घ्या.

ऑपरेशन म्हणजे अर्धी वाट. नंतर चष्मा, चांगल्या डोळ्यावर पट्टी आणि नियमित तपासणी हे वर्षानुवर्षं चालतं, कारण अशा डोळ्यांत पुढे काचबिंदूही होऊ शकतो. मूल पट्टी ओढून काढेल, अम्मीचा जीव तुटेल. तरी ती पट्टी रोज परत लावायची. त्या पोराची पुढची सगळी नजर त्यावर अवलंबून आहे.