बिऱ्हाड पाठीवर, पत्ता कोठे?

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण बदलीच्या नोकरीतील माणसाविषयी सहज वापरतो. अमेरिकेत मात्र अनेक कुटुंबे ती अक्षरशः जगतात. राहते घर विकून ती आरव्हीमध्ये, म्हणजे स्वयंपाकाची, झोपण्याची व स्नानाची सोय असलेल्या मोठ्या वाहनात, बाराही महिने राहतात. त्यांत निवृत्त जोडपी बरीच असतात. उन्हाळ्यात उत्तरेकडे आणि हिवाळ्यात ॲरिझोना, टेक्सास किंवा फ्लोरिडाकडे असा त्यांचा क्रम असतो. मुलांकडे अमेरिकेस गेलेल्या आपल्यापैकी काहींनी महामार्गावर अशी घरे पाहिलीही असतील.

बँकेत उभी हयात घालविलेल्या माणसाच्या मनात ते पाहून पहिला प्रश्न येतो तो असा : यांचे टपाल कोठे येते? प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. मुदत संपलेल्या क्रेडिट कार्डाच्या जागी येणारे नवे कार्ड, प्राप्तिकर खात्याची नोटीस, वाहनाच्या नोंदणीचे कागद, ज्यूरी म्हणून उपस्थित राहण्याचा न्यायालयाचा आदेश, टपालाने येणारी औषधे, मतपत्रिका हे सारे तेथे आजही पाकिटातून येते. पाकीट चुकले तरी त्यातील मुदत थांबत नाही.

यावर तेथे मुख्यतः तीन उपाय रूढ आहेत. पहिला सर्वांत जुना : मुलगी, भाऊ किंवा मित्र यांच्या पत्त्यावर टपाल मागविणे. यात खर्च नाही. परंतु दुसऱ्याची पाकिटे महिनोन्महिने निवडणे, महत्त्वाचे ओळखणे आणि पुढे धाडणे हे काम सोपे नाही.

दुसरा उपाय टपाल खात्याची ‘जनरल डिलिव्हरी’ ही सेवा. आपल्याकडील ‘पोस्ट रेस्टांट’ची ती बहीण. पाकिटावर नाव, त्याखाली ‘जनरल डिलिव्हरी’, मग गाव, राज्य व झिप कोड लिहावयाचा. टपाल त्या गावच्या कचेरीत साधारणतः ३० दिवसांपर्यंत राखून ठेवले जाते; ओळखपत्र दाखवून ते न्यावयाचे. मोठ्या शहरात ही सोय प्रत्येक कचेरीत नसते, म्हणून आधी चौकशी करावी लागते. खाजगी कुरियरच्या पार्सलांसाठीही या सोयीवर विसंबून चालत नाही. पुढील मुक्काम ठाऊक असेल तेव्हाच हा मार्ग उपयोगी.

तिसरा उपाय टपाल स्वीकारणाऱ्या संस्थेचा. ग्राहकाने टपाल खात्याचा १५८३ क्रमांकाचा अर्ज भरून, ओळखीची दोन प्रमाणपत्रे देऊन, ‘माझे टपाल या संस्थेस द्यावे’ असा अधिकार द्यावयाचा. संस्था टपाल गोळा करते, जाहिराती बाजूला काढते, सांगितल्यास पाकीट उघडून आतील कागदाची प्रतिमा पाठविते आणि ग्राहक कळवील त्या गावी सर्व गठ्ठा रवाना करते. जो आणि के पीटरसन या दांपत्याने १९७८ मध्ये स्थापन केलेला ‘एस्केपीज’ हा आरव्हीधारकांचा क्लब टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथून सभासदांसाठी अशी सेवा चालवितो. एक गोष्ट मात्र करार करतानाच ध्यानी घ्यावी लागते : अशा संस्थेचा पत्ता सोडताना टपाल खात्याकडे नेहमीप्रमाणे पत्ताबदल नोंदविता येत नाही. जुन्या पत्त्यावर येणारे टपाल काही काळ संस्थेनेच पुढे धाडावयाचे असते.

येथवर प्रश्न पाकिटाचा झाला. खरा पेच त्यापुढे आहे. टपाल पोहोचण्याचा पत्ता आणि कायद्याच्या दृष्टीने रहिवासाचा पत्ता या दोन भिन्न गोष्टी आहेत. वाहन परवाना, विमा, कर आणि मतदान दुसऱ्यावर अवलंबून. टेक्सास, फ्लोरिडा व साउथ डकोटा या राज्यांत वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर नाही. त्यामुळे फिरस्ते बहुधा यांतील एखादे ‘आपले’ राज्य म्हणून निवडतात. साउथ डकोटात एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवूनही वाहन परवाना मिळविता येत असे. मात्र २०२३ मध्ये त्या राज्याने मतदार नोंदणीसाठी ३० दिवसांच्या वास्तव्याची अट घातली. सवलत आज आहे म्हणून उद्या असेलच असे नाही.

बँकांचे नियम याहून बोलके आहेत. २००१ च्या पेट्रियट कायद्यानंतर तेथे खाते उघडताना निवासाचा किंवा व्यवसायाचा प्रत्यक्ष पत्ता द्यावा लागतो. केवळ पोस्ट बॉक्स चालत नाही. मग ज्याला घरच नाही त्याने काय करावे? नियम सांगतो : जवळच्या नातलगाचा किंवा संपर्कासाठी नेमलेल्या व्यक्तीचा पत्ता द्यावा. म्हणजे संस्था, अर्ज, गठ्ठे यांचा सारा फेरा घेऊन कायदा अखेर एका विश्वासाच्या माणसापाशी येऊन थांबतो. आपल्या पेढ्यांचा व्यवहार पिढ्यान्पिढ्या ज्या पायावर चालला, तोच हा पाया.

असा माणूस नसेल तर काय होते? बँकेची पत्रे परत येऊ लागतात, खातेदाराचा संपर्क तुटतो आणि काही वर्षांनी ती रक्कम बेवारस ठरून राज्य सरकारकडे जमा होते. आपल्याकडेही १० वर्षे व्यवहार नसलेल्या खात्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीकडे वर्ग होते. हा निधी २०१४ चा. वारसांना ती परत मागता येते आणि शोधासाठी २०२३ पासून ‘उद्गम’ हे संकेतस्थळही आहे. पण ठेव होती हेच ठाऊक नसेल तर शोधणार कोण?

म्हणून चाकांवरच्या घरांकडून स्थिर घरांनीही शिकण्याजोगे आहे. दुकान हलविले, मुलांकडे पुण्याला राहावयास गेलो, जुना वाडा विकला, अशा प्रत्येक वेळी बँक, विमा कंपनी, कंपन्यांचे समभाग आणि करखाते यांच्याकडील पत्ता व मोबाइल क्रमांक बदलून घ्यावा. या सर्वांची यादी एका वहीत असावी. वही कोठे आहे हे घरातील किमान आणखी एका व्यक्तीस, विशेषतः गृहिणीस, ठाऊक असावे. घर सोडताना किल्ल्या कोणाकडे द्यावयाच्या याचा आपण विचार करतोच. पत्रे कोणाकडे यावयाची, हेही त्याच वेळी ठरवून टाकावे.