सूर्याची तार किती ताणलेली?

मिरजेत भौतिकशास्त्र शिकवण्याचा एक फायदा असतो. तंतुवाद्यं करणाऱ्या घरातलं एखादं पोर वर्गात असतंच. तार ताणली की सूर चढतो आणि जाड तार खर्जात बोलते, हे ते माझ्याआधी सांगून मोकळं होतं. याच नियमानं सूर्यावरचं चुंबकीय क्षेत्र मोजतात म्हटलं, की मात्र ते माझ्याकडे संशयानं बघतं. रास्तच आहे. तिथं तार कुठली?

सूर्यावरच्या डागांत चुंबकीय क्षेत्र दाटलेलं असतं, हे जॉर्ज एलरी हेल यांनी १९०८ मध्ये माउंट विल्सनच्या वेधशाळेतून दाखवलं. मोठ्या डागात ते दोन-तीन हजार गॉस भरतं. पृथ्वीचं जेमतेम अर्धा गॉस. या क्षेत्राच्या रेषा वर उसळून सूर्याच्या बाह्य वातावरणात, म्हणजे करोनात, कमानी धरतात आणि दुसरीकडे खाली उतरतात. दहा लाख अंशांच्या घरातला विद्युतभारित वायू या रेषांना बांधलेला असतो, म्हणून अतिनील प्रकाशात कमानी लखलखीत दिसतात. या कमानी म्हणजेच आपल्या तारा.

डागातलं क्षेत्र वर्णपटातली रेषा किती दुभंगते त्यावरून मोजता येतं. करोनात ही युक्ती लंगडी पडते. तिथं क्षेत्र क्षीण, आणि उष्णतेमुळे वर्णरेषा इतक्या रुंदावलेल्या की दुभंग त्यातच बुडून जातो.

वाट सापडली ती १४ जुलै १९९८ रोजी. त्याच वर्षी सोडलेला 'ट्रेस' हा अमेरिकी उपग्रह बघत असताना एक सौरज्वाला भडकली आणि शेजारच्या कमानी आडव्या डोलू लागल्या. त्यातली एक सुमारे १,३०,००० किलोमीटर लांब, म्हणजे दहा पृथ्व्या ओळीनं मांडाव्यात एवढी. एका हेलकाव्याला तिला सव्वाचार मिनिटांच्या आसपास लागत होती. दुप्पट लांबीला या वेळानं भागा: लाट सेकंदाला हजारेक किलोमीटर धावते, असं निघतं. वायूची घनता ठाऊक असेल तर त्यावरून ताण आणि ताणावरून क्षेत्र. पण घनतेचा अंदाज ढोबळ, म्हणून उत्तर आलं ४ ते ३० गॉसच्या दरम्यान. एवढी ऐसपैस त्रुटी माझ्या विद्यार्थ्यानं वहीत लिहिली असती तर मी लाल रेघ ओढली असती. इथं मात्र पैकीच्या पैकी.

खाली डागांतही हालचाल असते. त्यांच्या काळ्या गाभ्यात पृष्ठभागावर साधारण पाच मिनिटांची आंदोलनं दिसतात, तर वरच्या वर्णावरणात तीन मिनिटांची. मधला थंड थर संथ लाटा अडवतो आणि जलद लाटाच वर सोडतो. वर पोचलेल्या लाटा विरळ वायूत जोर धरतात आणि गाभ्यात क्षणिक उजेड चमकतो. बेकर्स आणि टॅलंट यांनी १९६९ मध्ये त्याची नोंद केली. पृष्ठभाग आणि वर्णावरण या दोन्ही थरांवर आज पुण्याच्या आयुकात घडलेली 'सूट' ही दुर्बीण आदित्य-एल१ या यानावरून नजर ठेवून आहे.

१९९८ ची कमान काही हेलकाव्यांत शांत झाली. पुढे, २०१२ पासून, कुठलीही ज्वाला नसताना थरथरणाऱ्या कमानी सापडू लागल्या. हेलकावा इवलासा, काही शे किलोमीटरचा, पण विरतच नाही. म्हणजे कुठून तरी ऊर्जा सतत मिळत असणार. पायथ्याशी खदखदणारा वायू कमानीला ढकलत राहतो, हे एक स्पष्टीकरण मला पटतं. पण सगळ्या अभ्यासकांना ते पटलेलं नाही, आणि एवढ्या ऊर्जेनं करोना इतका तापेल का, यावरही त्यांचं अजून जुंपलेलं आहे.