फुकट आहे, घेऊन जा!

अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपलं, की कळतं आपण किती पसारा जमवलाय! कोथरूडचा फ्लॅट सोडताना माझ्याकडे उरलं टेबल, मिक्सर आणि टोस्टर. भंगारवाला वजनावर भाव करणार, बोहारणीला हवेत कपडे. मग सगळं गेटबाहेर मांडलं. वर चिठ्ठी : 'फुकट आहे, घेऊन जा!'

संध्याकाळपर्यंत कुणी हातही लावला नाही. वॉचमनकाका म्हणाले, "ताई, फुकट म्हणजे बिघडलेलंच वाटतं. आणि नेलं, नि उद्या कुणी चोर म्हटलं तर?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चिठ्ठी बदलली : 'मिक्सर चालू, झाकणाला चीर. टेबल भक्कम. खुशाल न्या. फ्लॅट नं. ७.' तासाभरात मिक्सर गेला. टेबल इस्त्रीवाल्या मावशींनी नेलं, लेकीच्या दहावीसाठी.

इराणच्या मशहद शहरात २०१५मध्ये 'माणुसकीची भिंत' अशीच सुरू झाली : नको ते ठेवा, हवं ते न्या. आपल्याकडेही ती अनेक शहरांत पोचली. तुम्हीही ठेवा, पण पुसून, दोष लिहून आणि नेणाऱ्याला संकोच वाटणार नाही असं.

टोस्टर? तो खरंच बिघडला होता. गेला ई-कचऱ्यात. देणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात ढकलणं नव्हे!