वृद्ध पित्याची मृगया

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या स्वयंपाकघरांत मांसाला शिरकाव नाहीं, आणि भारतांत तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरिणावर बंदूक चालविणें हा तुरुंगांत नेणारा गुन्हा आहे. तेव्हां हरिणांच्या शिकारीवरील लेख या पानांत पाहून घरांतील वडील मंडळी चष्मा सांवरून लेखकाचें नांव पुन्हा एकदां वाचतील, हें मी जाणून आहें. त्यांस विनंति एवढीच कीं, लेख शिकारीचा असला तरी प्रश्न त्यांच्याच घरांतला आहे. वडिलांचे पाय थकले, मन थकलें नाहीं, त्यांस नेण्याजोग्या जागा दोन, नेतां येईल ती एकच, तर कोणती? आपल्याकडे हा प्रश्न काशी कीं रामेश्वर अशा रूपानें येतो. अमेरिकेंतील माझ्या शेजाऱ्यांच्या घरीं तो दोन मृगयांच्या रूपानें आला.

मी विस्कॉन्सिन राज्याची राजधानी जें मॅडिसन शहर, तेथें पुष्कळ वर्षें राहतों. शेजारच्या घरीं मुलगा सुतारकाम करितो, सून शिक्षिका आहे, दोन नाती आहेत आणि मुलाचे वडील आहेत. म्हाताऱ्या बापानें मुलाच्या संसारांत राहणें ही इकडे नित्याची गोष्ट नव्हे, आणि त्यामुळेंच आमचा त्या घराशीं घरोबा लवकर जुळला. आमचीं मुलें त्यांस सरळ ‘आजोबा’ म्हणतात, आणि या मराठी हांकेला ते ‘ओ’ देतात. आजोबांनीं सारा जन्म गाई दुहिल्या. वय ८२. एका खुब्याचा सांधा धातूचा, दुसऱ्या बाजूचा गुडघा कामांतून गेलेला. सपाट फरशीवर दोन काठ्यांच्या आधारानें चालतात. उंचसखल जमिनीवर पन्नास पावलें म्हणजे सीमा. कान मंद झाले आहेत, पण मोतीबिंदू काढल्यापासून नजर घारीची.

इकडे नोव्हेंबरांत थँक्सगिव्हिंग नांवाचा सण असतो. त्याच्या आधींच्या शनिवारीं बंदुकीनें हरिणें मारण्याचा हंगाम उघडतो आणि नऊ दिवस चालतो. अलीकडच्या वर्षांत पांच लाखांहून अधिक लोक त्याचा परवाना काढतात. बापलेक, मेहुणे, जुने वर्गमित्र रानांतल्या लांकडी खोपटांत जमतात, आणि ठरलेल्या दिवशीं ठरलेल्या माणसांनीं ठरलेल्या वाटेनें निघण्याची ती ओढ पाहिली कीं, मला आपल्या वारकऱ्यांची आठवण होते. उपमा कानाला खटकेल, पण दुसरी सुचत नाहीं. शिकार होते ती पांढऱ्या शेपटीच्या हरिणांची. माणसानें लांडगे जवळजवळ नाहींसे केले तेव्हां हीं हरिणें इतकीं वाढलीं कीं, तीं हिवाळ्यांत उपासमारीनें मरूं लागलीं आणि रानांतलीं कोंवळीं रोपें वर येईनात. येथील विद्यापीठांतील प्राध्यापक ऑल्डो लिओपोल्ड यांनीं माद्यांचीही शिकार होऊं द्यावी असा आग्रह धरिला. १९४३ सालीं तसें झालें, आणि लोकांनीं त्यांस शिव्याशापही पुष्कळ दिले. मला हें सारें पटलें आहे असें नव्हे. समजलें आहे, एवढेंच.

आतां त्या दोन मृगया.

पहिली उत्तरेची. शेवामेगन-निकोलेट नांवाच्या विस्तीर्ण राष्ट्रीय अरण्याच्या कडेला आजोबांच्या मित्रमंडळीचें एक खोपट आहे. मोटारीनें चार-पांच तासांची वाट. आजोबा तेथें साठाच्या वर हंगाम गेले. त्या मंडळींपैकीं आतां दोघेच उरले. बाकी जागा मुलांनीं आणि जांवयांनीं भरल्या. नोव्हेंबरांत तेथें पाणी गोठतें, दुपारीं साडेचारच्या आंत सूर्य मावळतो, शौचास बाहेर जावें लागतें आणि मचाणें झाडांवर आहेत. मचाणावरून पडणें हा या छंदांतला अगदीं नेहमींचा अपघात, तरण्याताठ्यांचाही होतो. शिवाय मारलेलें हरिण बर्फांतून ओढीत आणावें लागतें, आणि त्या श्रमानें हृदय बंद पडल्याच्या बातम्या अधूनमधून कानांवर येतात.

दुसरी मृगया ऑक्टोबरांतली. ज्यांच्या शरीरांत कायमचें कांहीं वैगुण्य आलें आहे, अशांसाठीं विस्कॉन्सिन सरकारनें ऑक्टोबरच्या आरंभीं निराळे नऊ दिवस राखून ठेविले आहेत. किमान ६० एकर जमीन असलेला एखादा शेतकरी आपलें शेत त्यासाठीं मोकळें करून देतो आणि शिकाऱ्यानें १ सप्टेंबरपूर्वीं त्याच्याकडे नांव नोंदवावयाचें. डॉक्टरांच्या दाखल्यावर विशेष परवाना मिळतो. चालण्याची शक्ति गेलेल्यास उभ्या केलेल्या मोटारींतून बंदूक चालविण्याची मुभा असते, आणि पडलेलें जनावर शोधण्यास व आणण्यास सोबत्याची मदत घेतां येते. हवा आपल्या पुण्याच्या डिसेंबरांतल्या पहांटेसारखी. शेत मॅडिसनपासून तासाभराच्या अंतरावर. उणीव एवढीच कीं, झाडांचीं पानें गळलेलीं नसतात, हरिणांच्या माजाचा काळ अजून यावयाचा असतो, आणि मोठीं शिंगें असलेले नर दिवसाउजेडीं फारसे बाहेर पडत नाहींत.

घरांत दोन पक्ष पडले. मुलाचें म्हणणें, बाबांना उत्तरेलाच नेऊं. पुढच्या वर्षीं त्यांचे मित्र असतील कीं नाहीं कोण जाणे. त्यांची विवाहित मुलगी परिचारिका आहे. ती फोनवरून म्हणे, दवाखाना तासाभराच्या आंत नसेल तेथें बाबांना नेणें ही माया नव्हे, हट्ट आहे. ऑगस्टभर हा वाद चालला. दोघेही बापाच्या हिताचें बोलत होते, आणि बाप शेजारच्या खोलींत वर्तमानपत्र वाचीत होता.

मला त्या दिवसांत आमच्या तीर्थरूपांची आठवण फार झाली. ते रोज पहांटे पर्वती चढत असत. गुडघे गेल्यावर आम्हीं भावांनीं विचार करून ठरविलें कीं, पायऱ्या पुरे झाल्या, आतां रिक्षानें सारसबागेंत न्यावें; सपाट वाट, बसायला बांकें, गणपतीचें दर्शन. व्यवस्थेंत कांहीं उणें नव्हतें. ते दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशीं ‘बरें वाटत नाहीं’ म्हणाले, आणि मग कधींच गेले नाहींत. त्यांची चारपांच स्नेह्यांची बैठक पर्वतीच्या पायथ्याशीं भरत असे. रिक्षा तेथेंच थांबविली असती तर एकही पायरी चढावी लागली नसती. हें मला ते गेल्यानंतर त्यांतल्याच एका स्नेह्यानें सांगितलें. आम्हीं गुडघ्यांची चौकशी केली होती, त्यांची केली नव्हती.

ही हकीकत मीं शेजाऱ्यांच्या सुनेला सांगितली. शिक्षिकाच ती, तिनें त्याच रात्रीं जेवणाच्या टेबलावर दोन्ही बेत सासऱ्यांपुढें मांडले आणि नवऱ्याला मध्यें बोलूं दिलें नाहीं.

मला वाटलें होतें, आजोबा उत्तरेचें नांव घेतील. त्यांनीं आधीं दोनच प्रश्न विचारले. खोपटांत शेगडीजवळची खाट मोकळी आहे का. आणि तेथें मीं करावयाचें काम काय? आजवर पहांटे चारला उठून शेगडी पेटविणें आणि सर्वांसाठीं तव्यावर धिरडीं घालणें हें काम त्यांचें होतें. मुलगा म्हणाला, आतां तें जांवई करितात, तुम्ही स्वस्थ बसा. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “उत्तरेस गेलों तर माझ्यापायीं रोज कोणाची तरी शिकार बुडेल. कोणीतरी माझ्याजवळ बसून राहील, आणि मला बसायलाच आवडतें असें खोटें सांगेल. शेतावर माझ्याजवळ बसणें हेंच तुझें काम असेल. तेथें कोणाचें कांहीं बुडत नाहीं. ऑक्टोबर.”

मुलाचा चेहरा उतरला, असें सून सांगत होती. आपण बापाला काय देऊं पाहत होतों आणि त्यांतलें आपल्याचसाठीं किती होतें, हें बहुधा त्याला तेव्हां कळलें असावें. त्यानें मग सारा सप्टेंबर शेताच्या कडेला एक लपण बांधण्यांत घालविला. त्याचें वर्णन करण्याचा मोह आवरत नाहीं, कारण म्हाताऱ्या माणसासाठीं वस्तु कशी करावी याचा तो नमुना होता. पायऱ्या नाहींत, चाकांची खुर्चीही जाईल असा लांब उतार. काठ्यांचा खटखटाट होऊं नये म्हणून तळाशीं जुना गालिचा. खिडकी बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर. खुर्चीला हात, आणि तिची उंची अशी कीं आजोबांनीं आपलें आपण उठावें. कोपऱ्यांत झांकणाचें भांडें, ज्याची वाच्यता कोणीच केली नाहीं. जुनी जड रायफल खांद्याला सोसत नव्हती, म्हणून थोरल्या नातीची हलक्या धक्क्याची घेतली, आणि ती टेकवायला तिपाई केली.

दुसऱ्या संध्याकाळीं मीही गेलों. तिघांनीं भडक नारिंगी अंगरखे घातले होते. शिकाऱ्याला ते कायद्यानें सक्तीचे असतात, मला सुरक्षिततेसाठीं दिला. पुरतें दिसल्याशिवाय आणि मागें काय आहे हें कळल्याशिवाय बंदूक उचलायची नाहीं, हा नियम आजोबांनीं साठ वर्षांचे होऊं आलेल्या मुलाला पुन्हा एकदां ऐकविला. दशरथानें नुसत्या आवाजावर बाण सोडला आणि आंधळ्या आईबापांचा श्रावण गेला, ही कथा मीं त्यांस हळूच सांगितली. “त्या राजाचा परवाना काढून घेतला का?” असें त्यांनीं विचारलें. मीं म्हटलें, पुत्रशोकाचा शाप मिळाला. आजोबांनीं मान डोलाविली.

दीड तास कोणी बोललें नाहीं. मक्याच्या कडेला एक मादी आली, मागें पाडस. आजोबांनीं बंदुकीला हात लाविला नाहीं. उजेड जाण्याच्या बेतांत दुसरी एकटी आली, सत्तर-ऐंशी पावलांवर थांबली. मी मान फिरविली, म्हणून पुढचें मीं पाहिलेलें नाहीं. आवाज एकच झाला. मुलगा कंदील घेऊन उतरला तेव्हां आजोबांनीं रायफल रिकामी केली, टोपी काढली आणि ती हातांत धरून बराच वेळ बसून राहिले. त्यांस बोलतें करावें असें मला वाटलें नाहीं.

मांस लगेच शिजलें नाहीं. मॅडिसनच्या पश्चिमेस माउंट होरेब गांवाजवळ २००२ सालीं हरिणांना झिजवून मारणारा एक मेंदूचा रोग प्रथम आढळला, आणि तेव्हांपासून दक्षिण विस्कॉन्सिनमध्यें तो पुष्कळ पसरला आहे. माणसाला तो झाल्याचें आजवर सिद्ध झालेलें नाहीं, तरीही तपासल्यावांचून तें मांस खाऊं नये असा सल्ला आहे. सरकार ही तपासणी फुकट करितें. डोकें तपासणीस दिलें, मांस नांव घालून गोठवून ठेविलें, आणि दहा-बारा दिवसांनीं रोग आढळला नाहीं असें कळल्यावर आजोबांनीं त्याचे वांटे पाडले. उत्तरेच्या दोन मित्रांचे वांटे सर्वांत मोठे. आमच्या घरीं त्याऐवजीं सफरचंदांची करंडी आली.

नोव्हेंबरांत मुलगा ते वांटे घेऊन एकटाच उत्तरेस गेला. त्या शनिवारीं पहांटे मला जाग आली तेव्हां चार वाजून गेले होते, आणि शेजारच्या स्वयंपाकघरांत दिवा दिसला. दुसऱ्या दिवशीं सून म्हणाली, आजोबा नारिंगी अंगरखा घालून चुलीशीं उभे होते. चौदा धिरडीं घातलीं होतीं, आणि घरांत खाणारीं माणसें चार.