विकत की भाड्याने?

घरात लग्नकार्य निघाले की शेकडो पानांचा स्वयंपाक करावा लागतो. त्यासाठी लागणारी मोठी पातेली, पराती, झारे आणि सतरंज्या कोणी विकत आणीत नाही. पुष्कळ गावांत अशी भांडी देवस्थानाच्या किंवा गावकीच्या मालकीची असतात. थोडे भाडे भरले की ती दोन दिवस वापरावयास मिळतात. उलट, रोजच्या भाकरीचा तवा कोणी भाड्याने आणल्याचे ऐकिवात नाही. असे का, हे कोणतीही गृहिणी सहज सांगेल. पातेल्याची गरज वर्षा-दोन वर्षांतून एकदा, तर तव्याची गरज दिवसातून दोनदा! या साध्या उत्तरात व्यवहाराचे एक मोठे सूत्र दडलेले आहे. वस्तू विकत घेताना आपण तिच्या साऱ्या आयुष्याची किंमत मोजतो. भाड्याने घेताना तिच्या आयुष्यातील थोड्या दिवसांची.

तव्याच्या बाबतीत हा निर्णय आपोआप होतो. फ्रिज, कूलर, कपडे धुण्याचे यंत्र, दूरचित्रवाणी संच अशा विजेवर चालणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत मात्र तो इतका सोपा राहत नाही. या वस्तू महाग असतात. त्या बिघडतात, जुन्या होतात आणि वापरताना वीजही खातात. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी आलेली अनेक माणसे आज अशा वस्तू दरमहा भाड्याने घेतात. त्यांचा हा व्यवहार शहाणपणाचा आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर सर्व काळी एकच नसते. इंग्लंडचे उदाहरण पाहू या. १९३० साली तेथील ब्रायटन शहरात ‘रेडिओ रेंटल्स’ नावाची, रेडिओ भाड्याने देणारी एक पेढी निघाली. पुढे दूरचित्रवाणी आली, तेव्हा या आणि अशा इतर पेढ्यांकडून लक्षावधी कुटुंबांनी दूरचित्रवाणी संच भाड्याने घेतले. त्या काळच्या संचांत काचेचे व्हॉल्व्ह असत. ते विजेच्या दिव्याप्रमाणे तापत आणि केव्हा ना केव्हा निकामी होत. संच विकत घेणाऱ्याला दुरुस्तीचा खर्च स्वतः सोसावा लागे. भाडेकऱ्याकडे मात्र पेढीचा कारागीर येऊन संच नीट करून जाई. म्हणजे भाड्याच्या रकमेत संचाच्या उपयोगाबरोबर निश्चिंतपणाचेही मोल होते. १९६७ साली तेथे रंगीत चित्रांचे प्रक्षेपण सुरू झाले. रंगीत संच फार महाग असल्यामुळे लोकांनी तेही भाड्याने घेतले. पुढे व्हॉल्व्हची जागा ट्रान्झिस्टरने घेतली. संच क्वचितच बिघडू लागले आणि स्वस्तही झाले. मग भाडे कशासाठी भरावयाचे? विसाव्या शतकाच्या अखेरीस तो धंदा ओसरून गेला. लोकांची बुद्धी तीच होती. वस्तूची किंमत आणि तिचा टिकाऊपणा बदलला, म्हणून हिशेबही बदलला.

आपल्याकडेही असे घडून गेले आहे. १९८२ साली दिल्लीस आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, त्या वर्षी भारतात रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत गावोगावी रंगीत संच आणि व्हिडिओ यंत्र एका रात्रीपुरते भाड्याने मिळत असे. गणेशोत्सवात आळीतील मंडळी वर्गणी काढून ते आणीत आणि सारी आळी चित्रपट पाहण्यास जमे. वर्षातून चार रात्री लागणारे महाग यंत्र विकत घेण्यापेक्षा हा मार्ग निश्चितच शहाणपणाचा होता.

आता एक हिशेब मांडू या. समजा, एका फ्रिजची किंमत १५,००० रुपये आहे आणि तोच फ्रिज दरमहा ७०० रुपये भाड्याने मिळतो. २१ महिन्यांचे भाडे १४,७०० रुपये होते आणि २२ व्या महिन्यात ते किमतीच्या पुढे जाते. म्हणून कोणी म्हणेल, “२१ महिन्यांपर्यंत भाडे परवडते, त्यापुढे खरेदी.” परंतु हा हिशेब अपुरा आहे. विकत घेणाऱ्याजवळ शेवटी फ्रिज शिल्लक राहतो, हे त्यात विसरले गेले आहे. समजा, एका वर्षानंतर तो जुना फ्रिज ९,००० रुपयांना विकला गेला. मग त्या माणसाचा वर्षाचा खरा खर्च ६,००० रुपये झाला. भाडेकऱ्याने तेवढ्याच काळात ८,४०० रुपये भरले. म्हणजे एका वर्षासाठीसुद्धा खरेदीच स्वस्त ठरली!

पण फ्रिज पाचच महिने हवा असेल तर? पाच महिन्यांचे भाडे ३,५०० रुपये. विकत घेतलेला फ्रिज पाच महिन्यांनी विकावयास काढला, तर तो नव्याच्या भावाने कोणी घेणार नाही. तो १०,००० रुपयांना गेला असे धरले, तर तोटा ५,००० रुपयांचा. येथे भाडेच बरे. या आकड्यांप्रमाणे दोन्ही मार्गांचा खर्च आठव्या महिन्याच्या सुमारास सारखा होतो. त्याहून कमी काळासाठी भाडे परवडते आणि अधिक काळासाठी खरेदी.

मात्र जुन्या वस्तूला किती किंमत येईल, हे आधी नक्की सांगता येत नाही. एखाद्याची अचानक बदली झाली आणि घाईने तो फ्रिज ६,००० रुपयांना विकावा लागला, तर त्याचा वर्षाचा खर्च ९,००० रुपये होतो. तो भाडेकऱ्याच्या ८,४०० रुपयांहून अधिक आहे. ज्याचा मुक्काम स्थिर नाही, त्याला भाडे सोयीचे वाटते, याचे कारण हेच होय. हे आकडे अर्थातच उदाहरणादाखल आहेत. आपल्या गावातील भाव विचारून प्रत्येकाने आपला हिशेब स्वतः मांडावा.

दरमहा भाड्याखेरीज आणखी काही रकमा ध्यानात घ्याव्या लागतात. भाड्याने देणारे बहुधा अनामत रक्कम ठेवून घेतात. ती परत मिळते. परंतु वस्तूवर ओरखडा पडला तर त्यातून किती पैसे कापले जातील, हे करारपत्रात वाचले पाहिजे. ने-आण करण्याची हमाली कोणी द्यावयाची? बिघाड झाल्यास दुरुस्ती कोणाकडे? मुदतीपूर्वी वस्तू परत केली तर दंड आहे काय? या प्रश्नांची उत्तरे सही करण्यापूर्वी विचारावीत, नंतर नव्हे.

विजेचा खर्च तर पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. कोणते उपकरण किती काटकसरीने वीज वापरते, हे ग्राहकाला कळावे म्हणून भारतात २००६ सालापासून उपकरणांवर ताऱ्यांची खूणपट्टी लावण्याची योजना सुरू झाली. एकाच प्रकारच्या व आकाराच्या दोन उपकरणांपैकी ज्यावर तारे अधिक, ते वीज कमी खाते. त्या पट्टीवर वर्षाला किती युनिट वीज लागेल, हेही छापलेले असते. समजा, भाड्याचा जुना फ्रिज वर्षाला ३५० युनिट वीज घेतो आणि नवा २०० युनिट. युनिटला ८ रुपये दर धरला, तर १५० युनिटांचे १,२०० रुपये अधिक द्यावे लागतील. म्हणजे ७०० रुपये भाड्याचा तो फ्रिज खरे पाहता ८०० रुपयांना पडला!

काही वस्तू हंगामी असतात. विदर्भात उन्हाळा अतिशय कडक असतो. नागपूरचे तापमान मे महिन्यात ४५ अंशांच्याही वर चढते. तेथे कूलर ही चैनीची वस्तू राहत नाही. ती निकडीची गरज बनते. उन्हाळ्यापुरते कूलर भाड्याने देणारे दुकानदार तेथे आहेत. समजा, कूलर ८,००० रुपयांना मिळतो आणि एका हंगामाचे भाडे २,५०० रुपये आहे. तीन उन्हाळ्यांचे भाडे ७,५०० रुपये होते. चौथ्या उन्हाळ्यात ते किमतीला मागे टाकते. दोन वर्षे शिकण्यासाठी आलेल्या विद्यार्थ्याने कूलर भाड्याने घ्यावा. त्याला पावसाळ्यात तो ठेवण्यास जागा शोधावी लागत नाही. कायम राहणाऱ्या कुटुंबाने मात्र तो विकत घेऊन दर वर्षी गवताच्या नव्या जाळ्या बसवून घ्याव्यात, हे अधिक फायद्याचे.

आता या विषयाची सर्वांत गंभीर बाजू पाहू. ज्याच्याजवळ १५,००० रुपये एकरकमी नाहीत, तो काय करील? तो ७०० रुपये भाड्याने फ्रिज आणील आणि कदाचित पाच वर्षे वापरील. या काळात तो ४२,००० रुपये भरतो. एवढ्या पैशांत जवळजवळ तीन फ्रिज आले असते. आणि तरीही एकही फ्रिज त्याच्या मालकीचा होत नाही! ज्याच्याजवळ पैसा कमी, त्यालाच वस्तू सर्वांत महाग पडते. हा त्याच्या बुद्धीचा दोष नव्हे. मोठी रक्कम एकदम उभी करता न येणे, हीच त्याची अडचण असते.

या अडचणीवर उपाय आहे. दरमहा ७०० रुपये बँकेत किंवा बचत गटात ठेवले, तर २२ महिन्यांत १५,४०० रुपये जमतात. थेंबे थेंबे तळे साचे, ते असे. तोपर्यंत पिण्याचे पाणी थंड ठेवण्यास मातीचा माठ पुरेसा आहे. परंतु प्रत्येकाला थांबता येतेच असे नाही. घरात मधुमेहाचा रोगी असेल, तर त्याचे इन्शुलिन थंड ठेवावे लागते. अशा वेळी हप्त्याने खरेदी करण्याचा मार्ग तपासून पाहावा. समजा, १,४०० रुपयांचे १२ हप्ते ठरले. एकूण १६,८०० रुपये भरावे लागतील. म्हणजे किमतीपेक्षा १,८०० रुपये अधिक. तथापि वर्षाअखेरीस फ्रिज आपला होतो. हप्ता पेलण्याजोगा असेल तर दीर्घ भाड्यापेक्षा हे बरे. तो पेलणार नसेल, तर मात्र काही काळ भाडे भरण्यात कमीपणा मानू नये.

भाडे वाईट आणि खरेदी चांगली, किंवा त्याच्या उलट, असा नियम करता येत नाही. वस्तू किती दिवस हवी, रोज हवी की क्वचित, ती बिघडली तर भार कोणावर आणि सर्व मिळून एकूण किती रुपये जातील, हे चार प्रश्न विचारले की उत्तर आपोआप समोर येते. दुकानाच्या पाटीवर महिन्याचा लहान आकडा मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो. त्याला महिन्यांच्या संख्येने गुणून पाहण्याची सवय ज्याने लावून घेतली, त्याला तो आकडा सहसा फसवू शकत नाही.

स्वाध्याय

१. लग्नातील पातेली भाड्याने आणतात, पण तवा विकत घेतात. याचे कारण सांगा.
२. इंग्लंडमध्ये दूरचित्रवाणी संच भाड्याने घेण्याची प्रथा का वाढली आणि का ओसरली?
३. “ज्याच्याजवळ पैसा कमी, त्यालाच वस्तू सर्वांत महाग पडते.” हे विधान पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा.
४. कपडे धुण्याच्या एका यंत्राची किंमत १८,००० रुपये आणि मासिक भाडे ९०० रुपये आहे. दोन वर्षांनी ते यंत्र ८,००० रुपयांना विकले गेले असे धरून, दोन वर्षांसाठी कोणता मार्ग स्वस्त पडेल ते काढा.
५. आपल्या गावात कोणकोणत्या वस्तू भाड्याने मिळतात, त्यांची यादी करून त्यांचे दर लिहून आणा.